खारकेची पूड, खजुराचा पाक आणि साखरेआधीचं गोड

बाळंतिणीचे लाडू असोत, डिंकाचे असोत की ओटीतलं खारीक-खोबरं, खारकेशिवाय आपलं पान हलत नाही. तरीही ही खारीक पिढ्यानपिढ्या बाहेरूनच येत आली. खजुराच्या झाडाला कडक उन्हाळा हवा असतो, पण फळ पिकताना पाऊस अजिबात खपत नाही, आणि आपल्याकडे नेमका त्याच वेळी पावसाळा सुरू होतो. कच्छात मुंद्र्याला खजूर होतो, पण तोही पुरता पिकण्याआधीच, लाल-पिवळा आणि कुरकुरीत असताना उतरवावा लागतो.

खारकेचं एक जुनं माहेर म्हणजे ओमान. तिथे मब्सली नावाच्या जातीचे घड अर्धपिके असताना तोडतात, मोठ्या तांब्याच्या हंड्यांत पाणी उकळून त्यात शिजवतात आणि मग कित्येक दिवस उन्हात वाळवतात. या कामाला तिथे ‘तब्सील’ म्हणतात. त्यातून निघणारा दगडासारखा टणक माल प्रामुख्याने हिंदुस्थानसाठी असे आणि गलबतांतून मुंबईला उतरे. पुढे सिंधमधल्या खैरपूरची खारीक आपल्या बाजारात भरपूर येऊ लागली. २०१९ साली पाकिस्तानी मालावर २०० टक्के सीमाशुल्क लागलं आणि ती वाट आटली.

हा तपशील आधी सांगण्याचं कारण आहे. हल्ली ‘साखर बंद’ केलेल्या घरांत खजूर भिजवून वाटतात, त्याचा पाक करतात, आणि हे सगळं नवीनच काही निघालंय असं वाटतं. प्रत्यक्षात फळाचा गोडवा काढून, आटवून, वाळवून ठेवणं हे साखरेपेक्षा जुनं काम आहे. आपल्या घरात ते पूर्ण थांबलंही नव्हतं. फक्त खारकेच्या पुडीला आपण ‘पौष्टिक’ या खात्यात टाकलं आणि ‘गोड’ हे खातं साखरेला देऊन मोकळे झालो.

खारीक उकळण्यामागे मोठी समज आहे. खजूर झाडावर पिकत जातो तसं त्याच्यातलं इन्व्हर्टेज नावाचं एक विकर (एन्झाइम) फळातल्या सुक्रोजचे, म्हणजे उसात असते त्याच साखरेचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करतं. म्हणून पिकलेला खजूर मऊ, चिकट, मधासारखा होतो. अर्धपिकं फळ उकळलं की विकर मरतं आणि सुक्रोज बरंचसं तसंच राहतं. त्यामुळे खारीक कोरडी राहते आणि तिची पूड होते. मऊ खजुराची पूड करायला गेलात तर मिक्सरच्या पात्याला गोळा चिकटून बसतो. ओमानच्या बागाइतदारांना विकर हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण कुठल्या दिवशी घड उतरवायचा हे ते अचूक ओळखत.

मऊ खजुराची वाट वेगळी, ती पाकाकडे जाते. बहारीनच्या किनाऱ्यावर कलात अल्-बहरैन नावाचं प्राचीन टेकाड आहे. १९५० च्या दशकात डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदायला सुरुवात केली, पुढे फ्रेंच पथकांनी काम चालवलं. तिथे ज्या खोल्या सापडल्या त्यांत खजुराचा पाक काढण्याची एक खोलीही आहे, इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याच्या सुमाराची. अशा खोलीला अरबीत ‘मदबसा’ म्हणतात. तिच्या जमिनीत एकमेकींना समांतर पन्हळी असतात, उतार एका कोपऱ्याकडे आणि त्या कोपऱ्यात पुरलेला रांजण. खजुराच्याच झावळ्यांनी विणलेल्या पोत्यांत खजूर भरून ती थप्पीने रचायची, दार लावून घ्यायचं. चूल नाही, घाणा नाही. वरच्या पोत्यांचं वजन आणि आखाती उन्हाळ्याची ऊब, एवढ्यावर खालच्या खजुरातून पाक पाझरत राहतो आणि पन्हळींमधून रांजणात उतरतो. कतारमधल्या अल् झुबारा या अठराव्या शतकातल्या मोतीव्यापाराच्या गावातही अशा खोल्या आहेत, ओमानच्या किल्ल्यांतही आहेत. वेढा पडला की किल्ल्याच्या दारावरच्या झरोक्यांतून शत्रूवर हा पाक उकळता ओतत, असं निझव्याच्या किल्ल्यात आजही सांगतात.

हा पाक म्हणजे ‘दिब्स’. त्याचे भाऊबंद शब्द फार जुने आहेत. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत ‘दिश्पु’, हिब्रूत ‘द्वाश’, आणि दोन्हींचा अर्थ मध असाही होतो, खजुराचा पाक असाही. बायबलमध्ये ‘दूध-मधाने वाहणारी भूमी’ असं वर्णन येतं, त्यातला मध म्हणजे खजुराचाच पाक असं पुष्कळ अभ्यासक मानत. २००७ मध्ये इस्राएलमधल्या तेल रेहोव इथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची मधपेट्यांची रांग सापडली आणि तो वाद पुन्हा सुरू झाला. मला यात वादापेक्षा शब्द महत्त्वाचा वाटतो. माशीने केलेलं आणि माणसाने फळातून काढलेलं गोड यांना त्या लोकांनी एकच नाव दिलं होतं.

इराकमध्ये हिवाळ्यात सकाळी दिब्समध्ये तिळाचं वाटण कालवून भाकरीबरोबर खातात. तुर्कस्तानात द्राक्षांचा पाक म्हणजे पेकमेझ, तोही तिळाच्या वाटणाबरोबरच. थंडीत तीळ आणि गोड एकत्र खाण्याची ही बुद्धी संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

पेकमेझच्या कृतीत एक जागा मला फार आवडते. द्राक्षाचा रस नुसता आटवला तर गोडाबरोबर आंबटपणाही आटून तीव्र होतो. म्हणून तुर्की गावांत रसात एक पांढरी, चुनखडीची माती घालतात. ती आंबटपणा मारते, गाळ तळाशी बसतो, वरचा निवळ रस आटवायला घेतात. रोमन लोकही द्राक्षरस आटवत. पाकाच्या दाटपणाप्रमाणे त्याला देफ्रुतुम, सापा अशी नावं होती. पण तिथे भांड्याने घात केला. शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलाने पितळी भांड्यापेक्षा शिशाचं बरं, असा सल्ला लिहून ठेवला आहे, कारण पितळेचा कळंक रसात उतरतो. शिसं मात्र आंबट रसात विरघळून स्वतःच गोडसर क्षार तयार करतं, आणि तो विषारी असतो. घरी फळांचा पाक करताना कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं चुलीवर चढवू नये हे आपल्या आज्या सांगत, ते याच जातीचं शहाणपण.

आपल्याकडे काय होतं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्यासाठी गोड पदार्थांची वर्गवारी आहे: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. ही सगळी उसाच्या रसाची, उत्तरोत्तर अधिक शुद्ध होत जाणारी रूपं. त्याच प्रकरणात मध दोन प्रकारचा सांगितला आहे, एक माश्यांचा आणि दुसरा मार्द्वीक, म्हणजे द्राक्षांचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तेविसाव्या अध्यायात एक मंथ, म्हणजे घुसळून केलेलं पेय, सांगितला आहे: खजूर, मनुका, वृक्षाम्ल (कोकम), चिंच, डाळिंब, फालसा, आवळा. त्यात साखर नाही, गोडाची बाजू खजूर आणि मनुका सांभाळतात. उन्हाळ्यात तो घरी करून पाहावा असाच आहे.

पण ऊस आपल्याकडे फार जुना आणि साखर करण्याची विद्या तर आपलीच. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने इथल्या माश्यांविना मध देणाऱ्या वेतांची नोंद केली. शर्करा म्हणजे मुळात वाळूचे खडे. तो शब्द फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि मागोमाग मालही. फार काळ तो तिथे औषधासारखा तोळ्यांनी विकला जाई. स्वस्त झाला तो अटलांटिकपलीकडच्या मळ्यांमुळे, आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर. गुलामांचा व्यापार थांबवण्याचा ठराव १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर घरात आणणं बंद केलं. काहींनी आमच्या टेबलावरची साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही, असं साखरेच्या भांड्यावरच लिहून घेतलं. साखर सोडण्याची ती मोठी सामूहिक चळवळ आरोग्यासाठी नव्हती, याची आठवण ठेवावी.

याच सुमाराच्या पुढे फळांना एकदा राजाश्रयही मिळून गेला. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश आरमारामुळे फ्रान्समध्ये साखर येईना. बटाट्याचा प्रचारक म्हणून गाजलेल्या पार्मंतिएने द्राक्षांचा पाक साखरेच्या जागी कसा वापरावा यावर लिहिलं, द्राक्षसाखर करण्याला सरकारने उत्तेजन दिलं. पण ती उसाच्या साखरेहून कमी गोड होती आणि पाकाच्या रूपात टिकवायला अवघड. दरम्यान, मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये बीटमध्ये उसाचीच साखर असते हे दाखवलं होतं आणि त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ मध्ये प्रशियातल्या सायलेशिया प्रांतात बीटसाखरेचा कारखाना काढला होता. १८११ मध्ये नेपोलियनने बीटच्या लागवडीचा हुकूम सोडला आणि द्राक्षांचा विषय मिटला. पांढरा, कोरडा, मोजता येणारा, वर्षभर पोत्यात राहणारा दाणा पाहिजे असेल तर फळ हरणारच. ते काम त्याचं नव्हतं.

महाराष्ट्रात हा दाणा रोजचा झाला तो विसाव्या शतकात. १९३२ च्या कायद्याने देशी साखर उद्योगाला संरक्षण मिळालं आणि कारखाने भराभर निघाले. १९५० मध्ये नगर जिल्ह्यातल्या लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. त्यानंतर गावोगाव रस्ते, शाळा, दवाखाने साखरेच्या पैशावर आले. म्हणून साखरेला ‘पांढरं विष’ म्हणणारी भाषा मला पटत नाही. तिच्यामागे लाखो घरांचा घाम आहे, आणि दुष्काळी भागात उसाने पिऊन टाकलेलं पाणीही आहे. आपली नेहमीची साखर सहसा तंतोतंत अर्थाने ‘रिफाइंड’ही नसते, ती चुन्याने आणि गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करून केलेली असते. साखर झाली की चहा, शिरा, पेढा सगळ्यांचं माप बदललं. आपली जीभ त्या मापाला सरावली, आणि खरी अडचण तिथे आहे.

फळांचं गोड आपल्याकडे कोपऱ्यात मात्र टिकून राहिलं. कोकणात आमरस ताटात पातळ पसरून थरावर थर वाळवत आंब्याचं साठ होतं. वसईकडे आगाशीला राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करतात. वरून साखरेचा कण नाही, तरी तपकिरी, अर्धपारदर्शक, मधासारखी गोड. केळं पिकताना त्यातल्या पिठाची साखर होते आणि ऊन फक्त पाणी काढून नेतं.

आता घरच्या खजुराकडे येते. दोन रीती आहेत आणि त्यांत गल्लत होते. एक वाटणाची: बिया काढलेला खजूर तासभर कोमट पाण्यात भिजवायचा, त्याच पाण्यात गुळगुळीत वाटायचा, बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचा. सगळं फळ पोटात जातं, चोथ्यासकट. दुसरी पाकाची: अर्धा किलो खजूर लिटरभर पाण्यात मऊ शिजवायचा, कुस्करायचा, पंचात बांधून पिळायचा आणि निघालेलं पाणी मंद आचेवर आटवायचं. चमच्यावरून तार न तुटता सावकाश ओघळायला लागलं की उतरवायचं. गार झाल्यावर ते आणखी दाटतं, म्हणून भांड्यात दाट दिसेपर्यंत थांबू नये. पहिल्या वेळी मी थांबले होते आणि पाक करपून कडू झाला. ग्लुकोज-फ्रुक्टोज साखरेपेक्षा लवकर काळवंडतात, हे तेव्हा कळलं. केक किंवा नानकटाईत पाक घातला तरी वरचा रंग लवकर चढतो, आच थोडी कमी ठेवावी लागते.

सुक्या खजुरात वजनाच्या साधारण दोनतृतीयांश साखरच असते, हे लपवण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात ‘मुक्त साखर’ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी असं आहे, आणि मध, पाक, फळांचा गाळलेला रस या सगळ्यांतली साखर त्यात मोजली जाते. अख्ख्या फळातली मोजली जात नाही. म्हणजे पंचातून पिळलेला पाक हिशेबाला साखरेच्याच रांगेत बसतो. मधुमेह असलेल्या घरात ‘नैसर्गिक आहे’ म्हणून तो वाटीने वाढणं ही चूक आहे, आणि ती पुष्कळ घरांत होताना पाहते. वाटण अख्ख्या फळाच्या जास्त जवळचं, पण तेही चमच्यानेच घ्यायचं. पंचात उरलेला चोथा टाकू नये. कणकेत मळून त्याचे घारगे करावेत, गूळ निम्मा पुरतो.

दोन्हींपेक्षा जुनी रीत आमच्या आजीची. ती दुपारी अडकित्ता घेऊन बसायची, एकेक खारीक उभी फोडून बी बाजूला काढायची, तुकडे दोन दिवस गच्चीवरच्या उन्हात ठेवायची आणि मग लोखंडी खलबत्त्यात कुटायची. चाळणीवर राहिलेलं भरड परत खलात. पाणी लागलेलं नसल्याने ही पूड पितळी डब्यात हिवाळाभर राहायची. सकाळी दुधात दोन चमचे, नाचणीच्या खिरीत मूठभर. पावसाळ्यापर्यंत उरलीच तर ओल धरून तिचा गठ्ठा व्हायचा, तो ती तव्यावर जरा गरम करून पुन्हा खलात फिरवायची आणि पूड मोकळी व्हायची.