शिकेकाई, शिकेकाई साबण आणि घरचा शॅम्पू

रिठे, शिकेकाई आणि आवळकाठी रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून कुस्करायची, गाळून घ्यायची. घरच्या शॅम्पूची ही कृती आता घरोघरी पोचली आहे. आजीचं न्हाणं जसंच्या तसं परत आलं, असं आपण धरून चालतो. मधल्या काळात ‘शिकेकाई’ या शब्दाचं जे झालं, ते त्यात राहून जातं.

‘शॅम्पू’ हा शब्द तर मुळात इकडचाच. हिंदीतल्या ‘चाँपना’वरून, म्हणजे दाबणे, चेपणे यावरून, तो अठराव्या शतकात इंग्रजीत गेला. 1815च्या सुमारास पाटण्याकडच्या एका माणसाने इंग्लंडात ब्रायटनला बाष्पस्नानाबरोबर शॅम्पू सुरू केला, तो अंग रगडण्याचा होता. केस धुण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

आपल्याकडे शिकेकाई म्हणजे काटेरी वेलाच्या शेंगा. उन्हात खडखडीत वाळवायच्या, नागरमोथा, गवला कचरा, संत्र्याची साल घालून दळून आणायच्या. गिरणीवाला हे दळण शेवटी घेई. भुकटी उडाली की शिंका आणि ठसका आवरत नसे, शिवाय मागून येणाऱ्याचं पीठ कडू व्हायचं ते वेगळंच. दळलेली पूड डब्यात वर्षभर टिके.

मग आला शिकेकाई साबण, आणि खरा घोळ इथे आहे. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या वडीत शिकेकाईचा अंश घातला आणि नाव मात्र अख्खं शिकेकाईचं दिलं. गिरणीची खेप वाचली, डोळ्यांची आग वाचली, त्यामुळे बायकांनी ती वडी आनंदाने घेतली. त्यांना दोष देता येत नाही. पण शिकेकाईचं पाणी आम्लधर्मी, तर साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; 7च्या खाली आम्ल, वर अल्क) 9 ते 10. टाळूचा साधारण साडेपाच. साबणाने केसावरचे खवले उघडतात आणि केस राठ होतो. त्यात 1972च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअरवेल झाल्या. त्यांच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसायचा, तो काढायला लिंबू पिळावं लागे. ‘शिकेकाईने केस कोरडे होतात’ हे वाक्य आजही ऐकू येतं. ते साबणाबद्दलचं आहे, शेंगेबद्दलचं नव्हे. हे नाव वडीला द्यायलाच नको होतं, असं मला ठामपणे वाटतं. त्याने एका चांगल्या वस्तूची पतच बिघडवली.

ऐंशीच्या दशकात शॅम्पूच्या पुड्या वाण्याच्या दुकानात दोरीला लटकू लागल्या आणि साबणाची वडीही मागे पडली. भरपूर फेस म्हणजे स्वच्छता, ही सवय त्या पुडीने पक्की केली. म्हणून आज घरचा काढा कमी फेसाळला की त्यात साबणाचा कीस किंवा तयार सोप बेस घालायला सांगतात. म्हणजे सौम्य म्हणून केलेल्या बाटलीत पुन्हा तीच वडी.

घरच्या शॅम्पूने केस वाढतात असंही सांगतात, त्यातही असाच घोळ आहे. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, आणि ती वाढ टाळूच्या आत, मुळाशी होते. नवे केस उगवण्याचा दावा औषधांनीही करू नये, असं आपल्याकडचे औषध नियम सांगतात. सौम्य धुण्याने केस अधेमधे तुटत नाहीत, म्हणून लांब राहतात. हा फायदा काही लहान नाही.

आणखी एक फरक. काढा बाटलीत भरून ठेवणं ही नवी रीत आहे. तो दोन-तीन दिवसांत आंबतो, वास मारू लागतो. पूर्वी पूड डब्यात असे आणि पाणी न्हाण्याच्या सकाळीच, त्या दिवसापुरतं उकळत.