गुडघा आपटतो, खुबा मरतो

बस अपघाताच्या बातमीचा शेवट ठरलेला असतो : 'जखमींची प्रकृती धोक्याबाहेर आहे.' जिवापुरतं ते खरंच असतं. खुब्याच्या हाडाचा धोका मात्र तिथून पुढे सुरू होतो.

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली लाल परी ताशी ४० किलोमीटर वेगाने उभ्या ट्रकवर आदळली असं समजू. गाडी थांबते, प्रवासी थांबत नाही. साध्या एसटीत त्याला पट्टा नसतो. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. एवढा वेग यायला माणसाला ६ मीटरवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून पडावं लागेल. त्या वेगाने गुडघा पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतो. धक्का मांडीच्या हाडातून सरळ मागे जातो आणि हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा खुब्याच्या वाटीतून मागे निसटतो. पायावर पाय टाकून बसलेल्याचा गोळा अख्खा निसटतो. पाय फाकवून बसलेल्याच्या वाटीची मागची कडही फुटते. पाय आखूड दिसतो, आत वळतो. रस्त्यावर कुणी तो ओढून 'बसवायला' जाऊ नये, कारण गोळ्याखालची हाडाची मानही मोडलेली असू शकते.

गोळ्याला रक्त मुख्यतः एकाच वाटेने मिळतं. 'मीडियल सर्कमफ्लेक्स फीमोरल' नावाची रोहिणी हाडाच्या मानेला मागून वळसा घालते आणि तिच्या सुतासारख्या फांद्या मानेला चिकटून गोळ्यात शिरतात. वाटीकडून एक बारीक वाहिनी येते, पण मोठ्या माणसात तिचा भरवसा नाही. गोळा निसटला की फांद्या ताणल्या जातात, पिळल्या जातात, काही तुटतात. म्हणून भूल देऊन गोळा ६ तासांच्या आत जागेवर बसवायचा असतो. अपघात रात्री दोनला, आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून 'मेडिकल'ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रेफर, आणि नडगी मोडलेली ढळढळीत दिसते म्हणून खुब्याचा एक्स-रे मागे पडतो. सहा तास असे जातात.

रक्त तुटलं की हाडातल्या पेशी दोनेक दिवसांत मरतात, पण गोळा कोसळत नाही. मेलेलं हाड जिवंत हाडाइतकंच भक्कम असतं, कारण क्षारांची जाळी तशीच उभी असते. त्याला कोसळवते ती दुरुस्ती. आजूबाजूच्या जिवंत भागातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि मेलेली जाळी पोखरू लागतात. हाड बांधणाऱ्या पेशीही येतात, पण कूर्चेच्या, म्हणजे गोळ्यावरच्या गुळगुळीत आवरणाच्या, लगेच खाली त्यांचा वेग कमी पडतो. जुने वासे काढलेत, नवे अजून चढले नाहीत आणि घरात माणसं नांदतायत, अशी अवस्था. चालताना खुब्यावर शरीराच्या अडीचपट भार येतो; ६० किलोच्या माणसात १५० किलो. एक दिवस कूर्चेखाली चीर जाते, एक्स-रेत ती चंद्रकोरीसारखी दिसते. मग गोळा चपटा होतो आणि सांधा झिजत जातो. यालाच एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, रक्ताअभावी हाड मरणं) म्हणतात. बहुतेकांत हे पहिल्या दोन वर्षांत उघड होतं.

दुखणं कुठे जाणवतं? जांघेत, आणि कधीकधी चक्क गुडघ्यात, कारण दोन्ही ठिकाणांना शाखा देणारी नस एकच. मग वर्षभर गुडघ्याला तेल चोळलं जातं, 'नस चढली' म्हणून उतरवणारे गाठले जातात. मालिशने मेलेल्या हाडात रक्त येत नाही. वेदनेवरच्या बिननावाच्या 'जडीबुटी' पुड्या तर त्याहून वाईट; त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, आणि स्टेरॉइड हे स्वतःच एव्हीएनचं एक मोठं कारण आहे. दारू हे दुसरं. विदर्भात तिसरंही धरावं लागतं : सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तो असलेल्याचा खुबा अपघाताशिवायही मरू शकतो, मग निखळल्यावर तर जास्तच लक्ष हवं.

साधा एक्स-रे महिनोन्‌महिने 'नॉर्मल' येतो. एमआरआयमध्ये बदल खूप आधी दिसतो. गोळा चपटा होण्याआधी सापडला तर हाडात बारीक बोगदा पाडून आतला दाब उतरवता येतो. चपटा झाल्यावर बहुधा कृत्रिम खुबाच. त्यामुळे खुबा निखळलेल्याने डिस्चार्ज कार्डावर 'किती तासांनी बसवला' हे लिहून घ्यावं आणि निदान दोन वर्षं तपासणी चुकवू नये.

भरपाईचा हिशेब मात्र याच्याशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तोवर बऱ्याच जणांच्या एक्स-रेत गोळा अजून गोलच असतो.