दोन लाइनी घेतल्या तरी फाइल एकाच वेगाने का येते?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका टॉवेल व्यापाऱ्याने गेल्या वर्षी मला विचारलं, "ऑफिसात १०० एमबीपीएसची फायबर आहे, ५० ची वायरलेस आहे. स्पीड टेस्टवर १५० दिसतात. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तर ३०० ची लाइन आहे. मग तिथून डिझाइनची फाइल १०० च्या वर का येत नाही?"

लाइनी दोन झाल्या म्हणजे वेगाची बेरीज झाली, असं बहुतेकांना वाटतं. राउटर मात्र वेग वाटत नाही, जोडण्या वाटतो. आपला आयपी पत्ता, आपला पोर्ट (यंत्रावरच्या त्या कामाचा क्रमांक), समोरचा पत्ता, समोरचा पोर्ट आणि प्रोटोकॉल (संवादाची पद्धत) या पाच गोष्टींवरून तो जोडणी ओळखतो, तिला एक लाइन देतो आणि ती संपेपर्यंत तिथेच ठेवतो. मध्येच लाइन बदलली तर बाहेर दिसणारा पत्ता बदलतो, आणि बँकेची साइट संशयाने लॉगआउट करू शकते. स्पीड टेस्ट एकदम अनेक जोडण्या उघडते, म्हणून तिथे बेरीज दिसते. व्हीपीएनचं, म्हणजे ऑफिस आणि कारखाना इंटरनेटवरून जोडणाऱ्या खाजगी बोगद्याचं, उलट आहे. त्याच्या बोगद्यातून दहा माणसांचं काम चाललेलं असलं तरी राउटरला ती एकच जोडणी दिसते. सगळे एकाच लाइनीवर!

मग दोन्ही लाइनींवरून एकेक बोगदा काढून एकाच फाइलची पॅकेटं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, दोघांत वाटली तर? वाटता येतात. पण फायबरने पॅकेट १० मिलिसेकंदांत पोचतं आणि वायरलेसने ५० मध्ये, असं धरू. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२००० बिट. १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १० कोटी बिटांच्या वेगाने, अशी सेकंदाला सुमारे ८३०० पॅकेटं जातात. म्हणजे वायरलेसचं एक पॅकेट ४० मिलिसेकंद उशिरा येईपर्यंत फायबरवरून त्याच्या मागची सुमारे ३३० पॅकेटं पुढे निघून आलेली असतात.

सोलापुरी चादरीवर नक्षी विणणारं जेकार्ड पाहिलेल्याला यातली अडचण लगेच कळेल. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्याने एका ओळीत ओवलेली असतात. सगळी कार्डं हजर आहेत पण क्रम चुकलाय, तर नक्षी बिघडते. टीसीपीचं, म्हणजे पॅकेटं क्रमाने पोचवणाऱ्या नियमांचंही तसंच. १०१ वं पॅकेट आलं नाही आणि १०२, १०३, १०४ आली, तर घेणारा प्रत्येक वेळी "मला १०१ हवं" एवढंच कळवतो. अशी तीन पुनरावृत्ती झाली की पाठवणारा समजतो, पॅकेट हरवलं. तो ते पुन्हा पाठवतो आणि मूळ नियमाप्रमाणे आपला वेग निम्म्यावर आणतो. वास्तविक काहीच हरवलेलं नसतं.

इतका सावधपणा उगीच आलेला नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत, जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला आणि १९८८ मध्ये वेग आवरण्याची पद्धत मांडली. आजचं इंटरनेट त्याच पायावर उभं आहे.

पलीकडच्या टोकाला पॅकेटं थोपवून, क्रम लावून पुढे सोडता येतात. त्याची किंमत म्हणजे फायबरचं पॅकेटही वायरलेसच्या पॅकेटाची वाट बघत बसतं. रिमोटवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला प्रत्येक बटणामागे तो उशीर जाणवतो. छोट्या ऑफिसाने या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"स्पीड बूस्टर" नावाच्या ॲपांवरही पैसे घालवू नयेत. लाइनीची क्षमता ॲपने वाढत नाही. एका ऑफिसात राउटरवर लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली आहे. तिथे दोन कंपन्यांच्या दोन्ही केबली एकाच खांबावरून येत होत्या, त्यामुळे बंद पडायच्या त्याही एकदमच. खांब बघायला हवा होता. दुसरी लाइन वेगळ्या वाटेने यावी, शक्यतो वायरलेस.

नवी पेठेत आम्ही व्हीपीएन फायबरवर ठेवलं, कॅमेरे आणि बॅकअप वायरलेसवर टाकले आणि फायबर गेली तर व्हीपीएन आपोआप तिकडे वळेल अशी सोय केली. महिन्याभरात रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. आमचं व्हीपीएन वायरगार्ड होतं; ते पलीकडच्या यंत्राला आयपी पत्त्यावरून नव्हे, सांकेतिक किल्लीवरून ओळखतं, त्यामुळे बाहेरचा पत्ता बदलला तरी बोगदा टिकला. पंधरा-वीस सेकंद पडदा थिजला, आणि मग टॅलीतलं अर्धवट भरलेलं व्हाउचर होतं तसं समोर आलं.