हेली वुड

हेली वुड : इंग्लंडच्या केंब्रिजशर परगण्यातील एक लहान, जुने रान. केंब्रिज शहराच्या पश्चिमेस सुमारे २० किमी. वर, लिटल ग्रॅन्सडेन या गावाच्या हद्दीत ते आहे. क्षेत्रफळ जेमतेम ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास. एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. उंच कडे, धबधबे, मोठी जनावरे यांपैकी येथे काहीच नाही. तरीही इंग्लंडमधील जुनी राने कशी ओळखावीत आणि त्यांचा इतिहास जमिनीवरून कसा वाचावा हे ज्या मोजक्या जागांनी अभ्यासकांना शिकवले, त्यांत हेली वुडचे नाव आधी घ्यावे लागते.

रान एका सपाट, रुंद माथ्यावर आहे. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी हिमनद्यांनी आणून टाकलेली, चुनखडीचे खडे मिसळलेली जड चिकणमाती येथे पसरली आहे. उतार नसल्याने पाणी वाहून जात नाही आणि माती घट्ट असल्याने ते मुरतही नाही. हिवाळा सरता सरता जमीन पाण्याने तुडुंब होते आणि ऐन वसंतातही रानाच्या मध्यभागी पाय चिखलात रुततो. अशी जमीन नांगराखाली आणणे कष्टाचे आणि त्या मानाने लाभ थोडा. आजूबाजूच्या निचऱ्याच्या जमिनी शेतीखाली गेल्या तरी हा तुकडा राहिला, त्यामागे हे एक कारण निश्चित आहे. मात्र ते एकमेव नाही. मालकाला रानापासून उत्पन्न होते म्हणूनच त्याने ते मोडले नाही.

या मालकीचा जुना पुरावा १२५१ मधील आहे. इलीचे बिशप ह्यू ऑफ नॉर्थवोल्ड यांनी त्या वर्षी आपल्या सगळ्या जमिनींची पाहणी करवून घेतली. लिटल ग्रॅन्सडेन त्यांच्याच ताब्यात होते. त्या गावाच्या नोंदीत ‘हेली’ नावाचे रान असून ते चार विसा, म्हणजे ऐंशी, एकर असल्याचे लिहिले आहे. आजचे मोजमाप यापेक्षा बरेच जास्त भरते, पण तेवढ्यावरून रान वाढले असा निष्कर्ष काढता येत नाही; त्या काळी एकर ठिकाणानुसार लहानमोठा असे. एवढे मात्र स्पष्ट दिसते की साडेसातशे वर्षांपूर्वी या रानाला नाव होते, सीमा होती आणि त्याचा आकडा दप्तरात होता. रान गावाच्या हद्दीत असले तरी ते गावाचे नव्हते, बिशपांचे होते.

सीमा कागदावरच नव्हती. रानाभोवती मातीचा बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर आजही दिसतो. चर खणून निघालेली माती आतल्या बाजूला टाकायची, असा हा जुना प्रघात. त्यामुळे बांध कोणाच्या मालकीचा हा प्रश्न उरत नसे. बांधावरून होणारी भांडणे मराठी वाचकाला वेगळी सांगायला नकोत. बांधाचा मुख्य उपयोग गुरे बाहेर ठेवण्याचा होता, कारण नुकत्याच तोडलेल्या भागात एकदा गाय-बैल शिरले की पुढच्या दहा वर्षांचे उत्पन्न त्यांच्या पोटात गेलेच म्हणून समजा. जुन्या रानाची कड वाकडीतिकडी, नागमोडी असते. आखलेल्या सरळ रेषांत बसवलेली कड बहुधा अलीकडची असते. हेलीचा बांध फिरून पाहताना हा फरक जमिनीवरच ध्यानात येतो.

रानाचे उत्पन्न दोन प्रकारचे होते. एक, इमारती लाकडाचे : मोकळे वाढू दिलेले ओक, जे अनेक दशकांनी तोडून त्यांच्या तुळया आणि वासे केले जात. दुसरे आणि अधिक नियमित उत्पन्न खालच्या वाढीचे. हेझल, ॲश आणि फील्ड मेपल ही झाडे जमिनीलगत छाटायची, बुंध्यातून फुटलेले धुमारे वाढू द्यायचे आणि काही वर्षांनी, मनगटाएवढे जाड झाले की, पुन्हा छाटायचे. या पद्धतीला कॉपिस म्हणतात. तोडलेल्या सागाच्या खुंटातून सरळसोट फूट येते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. असे छाटले जाणारे झाड लवकर मरत नाही, उलट न छाटलेल्यापेक्षा जास्त जगते. प्रत्येक छाटणीबरोबर बुंधा बाहेर पसरत जातो आणि काही शतकांनी मधला भाग कुजून खोडांचे एक कडे तेवढे उरते. हेलीतील ॲशचे जुने बुंधे असेच रुंद आणि आतून पोकळ आहेत. त्यांच्याभोवती उभे खांब कालपरवाचे दिसतात, पण ज्या मुळांवर ते उभे आहेत ती मुळे मध्ययुगीन असू शकतात.

या काठ्यांचे गावात काय होई? चुलीसाठी आणि भट्टीसाठी मोळ्या बांधल्या जात. मेंढ्या अडवायच्या ताट्या विणल्या जात. आणि घरे बांधली जात : ओकच्या सांगाड्यात हेझलच्या काठ्या विणून त्यावर माती लिंपायची, म्हणजे आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीचेच काम. या भागातील गावांत लाकडी सांगाड्याची, गवताने शाकारलेली जुनी घरे अजून आहेत. त्यांच्या गिलाव्याआड असाच कूड असतो.

रानाला कुऱ्हाड लागली की रान संपते, हा समज इंग्लंडमध्येही बळकट होता. जहाजबांधणीने आणि लोखंडाच्या भट्ट्यांनी देशातील राने खाल्ली, असे शाळेत शिकवले जाई. हेली वुडसारख्या जागांच्या अभ्यासाने हा समज बराच ढिला केला. नियमित तोडले जाणारे रान टिकते. मुळासकट उपटून शेत केले किंवा देशी झाडे मारून सूचिपर्णी झाडांची लागवड केली, तरच ते जाते. दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर घडल्या.

हेलीची ख्याती एका फुलामुळेही आहे. ऑक्सलिप (शास्त्रीय नाव प्रिम्युला एलाटिओर) हे प्रिमरोजच्या कुळातील फूल. एका दांड्यावर फिक्या पिवळ्या फुलांचा झुपका येतो आणि सगळी फुले एकाच बाजूला माना टाकून असतात. ब्रिटनमध्ये ते पूर्व इंग्लंडच्या एका मर्यादित पट्ट्यातच, मुख्यतः चिकणमातीवरच्या जुन्या रानांत, आढळते. प्रिमरोज आणि काउस्लिप यांच्या संकरातून होणारे फूल दिसायला जवळचे असल्याने अनेकदा तेच ऑक्सलिप समजले जाते. त्याची फुले मात्र एका बाजूला झुकत नाहीत, दांड्याभोवती सगळीकडे पसरतात.

ऑक्सलिपला पाणी आवडते असे म्हणण्यापेक्षा इतरांना ते जेवढे बाधते तेवढे त्याला बाधत नाही, असे म्हणणे बरोबर. डॉग्ज मर्क्युरी ही रानातील दांडगी वनस्पती, जेथे निचरा बरा तेथे इतरांना जागाच ठेवत नाही. तिला तुंबलेली जमीन सोसत नाही, म्हणून हेलीत ती कडेकडेने राहते आणि मधला ओला भाग ऑक्सलिपला मोकळा मिळतो. कॉपिसचा यात मोठा वाटा आहे. हेझल छाटल्यावर पहिल्या वसंतात फारसे काही दिसत नाही. फुलझाडे आलेल्या प्रकाशातून केलेले अन्न मुळांत साठवत असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वसंतात मात्र फुले दाटतात. ऑक्सलिप आणि अॅनिमोन आधी. उन्हाळ्यात, एरवी सावलीत नुसत्या पानांवर दिवस काढणारी मेडोस्वीट कमरेएवढी वाढून पांढरट तुरे धरते. पुढे हेझल पुन्हा दाटते, सावली पडते आणि फुले ओसरतात, ती पुढच्या छाटणीपर्यंत.

१८६२ मध्ये बेडफर्ड ते केंब्रिज रेल्वे सुरू झाली आणि ती रानाच्या कडेने गेली. रूळ आणि रान यांच्यामध्ये शेताचा एक तिकोनी तुकडा अडकला. तेथे औते नेणे अडचणीचे झाले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पडीक राहिला. पडीक जमिनीवर आधी काटेरी झुडपे आली, मग झाडे, आणि आता ते नवे रान आहे. ‘ट्रँगल’ या नावानेच तो भाग ओळखला जातो. अभ्यासकांना हा आयताच प्रयोग मिळाला. जुन्या रानातील वनस्पती नव्या रानात किती वेगाने सरकतात? ऑक्सलिप शिरले, पण अगदी धीम्या गतीने. बी जड, दूर उडत नाही, पडते ते आईच्या पायाशीच. जुन्या रानाऐवजी दुसरीकडे तेवढीच झाडे लावून देऊ, असे सांगणाऱ्या नियोजनकारांना हा ट्रँगल एकदा हिंडवून आणायला हवा.

रेल्वे १९६७ च्या अखेरीस प्रवाशांसाठी बंद झाली. तिच्या रुळांची जागा पूर्वेकडे लॉर्ड्स ब्रिज येथे केंब्रिज विद्यापीठाच्या रेडिओ वेधशाळेने घेतली आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेली पाच किलोमीटर लांबीची दुर्बीणमाला त्या सरळ पट्ट्यावर उभी राहिली. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांची ही वेधशाळा. त्याआधी, १९६१ मध्ये, विश्व बदलत आले की कायम तसेच आहे या वादात राइल यांच्या निष्कर्षांविरुद्ध खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची बाजू मांडणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचे नाव जयंत नारळीकर. या परिसराचा मराठी माणसाशी असलेला हा एक आडवळणाचा संबंध. ऑक्सफर्ड-केंब्रिज रेल्वे पुन्हा जोडण्याची योजना आता पुढे सरकत आहे, पण तिचा पसंतीचा मार्ग टेम्प्सफर्ड आणि केंबर्न यांच्याकडून जातो. हेलीची जुनी वाट त्यात नाही.

भोवतालची गावे लहान आणि विखुरलेली आहेत. लिटल आणि ग्रेट ग्रॅन्सडेन शेजारी-शेजारी असूनही १९७४ पर्यंत वेगवेगळ्या परगण्यांत होती. ग्रेट ग्रॅन्सडेन पूर्वी हंटिंग्डनशरमध्ये मोडे. तेथे एकाच जाड खांबावर अख्खी फिरणारी जुनी लाकडी पवनचक्की आहे. बार्नबस ओली हे सतराव्या शतकात तेथील धर्मगुरू होते. यादवी युद्धाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या महाविद्यालयांची चांदीची भांडी राजा पहिल्या चार्ल्सपर्यंत पोहोचवण्याचे धाडस त्यांनी केले, पण गावात त्यांची आठवण आहे ती शाळेमुळे. गावची प्राथमिक शाळा अजून त्यांच्याच नावाने चालते.

लाँगस्टो हे गाव रोमन काळच्या अर्मिन स्ट्रीट या रस्त्यावर वसले आहे. लिटल ग्रॅन्सडेन आणि लाँगस्टो यांच्या दरम्यान दुसऱ्या महायुद्धात ग्रॅन्सडेन लॉज हा विमानतळ झाला. जर्मनीवरील रात्रीच्या हल्ल्यांत पुढे जाऊन लक्ष्य दाखवून देणारी कॅनडाची ४०५ वी तुकडी १९४३ पासून तेथे होती. युद्ध संपताच, १९४६ मध्ये, त्याच धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती झाल्या. आता तेथून इंजिनाविना उडणारी ग्लायडर सोडली जातात.

ईस्ट हॅटली हे मध्ययुगानंतर आटत गेलेले गाव. तेथील सेंट डेनिसचे चर्च विसाव्या शतकात बंद पडले आणि झाडोऱ्यात बुडाले. आता ओस चर्चे सांभाळणाऱ्या संस्थेकडे ते आहे. गॅमलिंगे मात्र एकेकाळी बाजारपेठ होती. १६०० च्या मोठ्या आगीत बरेचसे गाव जळाले आणि बाजार हातचा गेला. गॅमलिंगेचे स्वतःचे रान आहे आणि ते तेराव्या शतकापासून ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजकडे होते. संस्था मरत नाहीत, वाटण्या करत नाहीत आणि कागद जपून ठेवतात. या परिसरातील रानांचा इतिहास इतका मागे नेता येतो तो याच सवयीमुळे.

पहिल्या महायुद्धानंतर कोळसा आणि तार स्वस्त झाली, काठ्यांना गिऱ्हाईक उरले नाही आणि हेलीतील छाटणी थांबली. १९६२ मध्ये परगण्यातील निसर्ग-संरक्षण संस्थेने लोकवर्गणीच्या मदतीने रान विकत घेतले. १९६४ पासून स्वयंसेवकांनी हिवाळ्यात पुन्हा कॉपिस सुरू केले. याच सुमारास केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) यांनी येथे काम सुरू केले. जुने दस्तऐवज, मातीचे बांध, बुंध्यांचे घेर आणि फुलांचे नकाशे एकत्र मांडून त्यांनी १९७५ मध्ये या एका रानावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पन्नास हेक्टरांवर एक अख्खे पुस्तक! पण पुढे देशभर जुन्या रानांची यादी करण्याचे जे काम झाले, त्याला अशाच अभ्यासाचा आधार होता.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. गुरांना अडवणारा बांध हरणांना अडवत नाही. नॉर्मनांनी आणलेली फॅलो हरणे आणि उद्यानांतून निसटलेली चिनी मुंटजॅक यांची संख्या फार वाढली असून ती ऑक्सलिपची फुले आणि हेझलचे कोवळे धुमारे खातात. त्यासाठी रानाच्या काही भागाला उंच कुंपण घालावे लागले. कोरडे वसंत वाढले तसा डॉग्ज मर्क्युरीला अडवणारा पाण्याचा पहाराही सैल होतो. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आढळलेला ॲशचा बुरशीजन्य मर रोग येथील प्रमुख झाडालाच लागणारा आहे. शतकानुशतके छाटले गेलेले बुंधे तो किती सोसतील, यावर येत्या दशकांतील हेलीचे रूप अवलंबून राहील.

रान वन्यजीव संस्थेच्या देखरेखीखाली असून त्याला राष्ट्रीय पातळीवरील शास्त्रीय महत्त्वाच्या स्थळाचा दर्जा आहे. लिटल ग्रॅन्सडेन–लाँगस्टो रस्त्यावर (बी १०४६) पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या समोरून शेतातून जाणारी गाडीवाट रानापर्यंत पोहोचते. ऑक्सलिप एप्रिलमध्ये फुलते. त्या दिवसांत गमबूट घालूनच जावे.