बायोस फक्त शिक्का बघतो

जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क नव्यात जोडली, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर नुसती लुकलुकणारी रेघ. डिस्क काढली की विंडोज पुन्हा बिनतक्रार सुरू. 'व्हायरस चढलाय, फॉरमॅट मारा' हा यावरचा ठरलेला सल्ला. खरं तर व्हायरसचा इथे बहुधा काडीचाही संबंध नसतो.

बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा छोटा प्रोग्राम. विंडोज म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसतं. कोणती डिस्क आधी बघायची याची एक यादी त्याच्याकडे असते. तो त्या यादीतल्या पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे 512 बाइट, मेमरीत आणतो आणि शेवटचे दोन बाइट तपासतो. ते हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) 55 आणि एए असले की झालं! शिक्का बघून आतला मजकूर न वाचताच फाइल पुढे सरकवणाऱ्या कारकुनासारखा तो सगळा कारभार त्या सेक्टरमधल्या प्रोग्रामवर सोपवतो.

उरलेल्या 510 बाइटांपैकी 446 त्या प्रोग्रामचे आणि 64 पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याचे. तक्त्यात 16 बाइटांच्या चारच नोंदी मावतात. 1983 च्या पीसी-डॉस 2.0 पासूनची ही मांडणी. प्रोग्राम 'अ‍ॅक्टिव्ह' खुणेची नोंद शोधतो, त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर उचलतो, तिथेही 55 एए बघतो आणि पुढे उडी मारतो. विंडोज एक्सपीच्या डिस्कवर हा प्रवास विंडोज सुरू करणाऱ्या एनटीएलडीआर नावाच्या फाइलपाशी पोचायचा. ती पुसलेली असेल तर 'एनटीएलडीआर इज मिसिंग' असा निरोप येतो आणि गाडी तिथेच अडते.

गंमत अशी की फाइली पुसल्या, अगदी पार्टिशन फॉरमॅट केलं, तरी डिस्कचा तो पहिला सेक्टर जसाच्या तसा राहतो. म्हणजे फॉरमॅट मारणं हा सीपीयूला लिंबू-मिरची बांधण्याइतकाच गुणकारी उपाय. वर जुने फोटो जातात ते वेगळंच.

जास्तीची डिस्क दिसली की काही बायोस आपल्या यादीचा क्रम परस्पर बदलतात आणि जुनी डिस्क वर येते. डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये शिरा आणि विंडोजची डिस्क पुन्हा पहिली करा. यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, असलेल्या मशीनवर 'सीएसएम' किंवा 'लेगसी' ही जुन्या बायोससारखं वागण्याची सोय चालू असेल तरीही हाच घोळ होऊ शकतो. मात्र विंडोज आधीच यूईएफआय पद्धतीने टाकलेलं असेल तरच ही सोय बंद करा.

कंपनीच्या लोगोवरच सगळं थिजलं, बायोससुद्धा उघडेना, तर दुखणं निराळं. तेव्हा बहुधा डिस्क हाकेला ओ देत नसते. चपट्या पट्टीच्या केबलवरच्या दोन आयडीई (जुन्या पद्धतीच्या) डिस्क असतील तर मागचे जंपर, म्हणजे 'मास्टर' की 'स्लेव्ह' हे ठरवणाऱ्या छोट्या टोप्या, बघा. दोन्ही 'मास्टर' असल्या तर दोघी एकदम बोलतात. डिस्क कटकट वाजत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करू नका. एरवी विंडोज सुरू झाल्यावर ती यूएसबी कन्व्हर्टरने जोडा आणि आधी फोटो उतरवून घ्या.