दात येताना जुलाब होतातच? नाही हो!

आमच्या डिचोलीकडे अजून सर्रास ऐकू येतं, "बाळाला दात येतायत ना, मग जुलाब व्हायचेच, काही करू नको." पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना पण आया हेच सांगून मूल ठेवून जातात, आणि त्या बिचाऱ्या गप्प बसतात. पण हे खरं नाही.

दातामुळे हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल थोडं किरकिरं होतं, बस्स. जुलाब होतात ते जंतूंमुळे. साधारण 6 महिन्यांनंतर दात यायला लागतात आणि त्याच वेळी मूल रांगतं, जमिनीवरचं खेळणं, चप्पल, सापडेल ते तोंडात घालतं, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही तेव्हा कमी होत आलेली असते, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम दिसतात आणि दोष दाताला जातो.

ताईंनो, लंगोट बदलल्यावर आणि भरवायच्या आधी साबणाने हात धुवा, 20 सेकंद तरी, बोटांच्या मधे पण. तोंडात घातलेलं खेळणं बाजूला काढा, धुवूनच परत द्या. जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात कालवून चमच्या चमच्याने पाजा, 24 तासांनी उरलेलं ओता. दूध, पेज बंद करू नका! डॉक्टरांना विचारून झिंक 14 दिवस पूर्ण द्यायचं, जुलाब थांबले तरी.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा मूल मलूल पडलं तर आईला फोन करा आणि लगेच हॉस्पिटल गाठा, संध्याकाळची वाट बघू नका.