शबहाये बररे

शबहाये बररे, म्हणजे बररेच्या रात्री, ही इराणमधली फारसी विनोदी टीव्ही मालिका. 2005 ते 2006 मधे ती इराणच्या सरकारी टीव्हीच्या तिसऱ्या चॅनेलवर लागायची. दिग्दर्शक मेहरान मोदिरी, लेखनाची मुख्य जबाबदारी पेयमान कासेमखानीकडे, आणि भाग नव्वदच्या आसपास. बररे हे गाव नकाशावर कुठेच नाही, पूर्ण काल्पनिक आहे, पण त्या काळात टीव्ही बघणाऱ्या कुठल्याही इराणी माणसासमोर नाव काढा, लगेच हसू येतं आणि दोन डायलॉग तरी म्हणून दाखवले जातात.

गोष्ट रझाशाह पेहलवीच्या, म्हणजे 1925 ते 1941 मधे इराणवर राज्य करणाऱ्या शाहाच्या काळात घडते. तेहरानमधला शिकलेला, सुटाबुटातला पत्रकार कियानूश इस्तेकरारझादे राजधानीतून बाहेर पडलेला असतो, वाटेत त्याला साप चावतो, शीरफरहाद नावाचा गावकरी त्याला वाचवतो आणि बररेत घेऊन येतो, आणि मग कियानूश तिथे जो अडकतो तो अडकतोच. सियामक अन्सारीने कियानूश केलाय, शीरफरहाद स्वतः मोदिरी. शकायेक देहकान सहरनाझच्या, बेहनूश बख्तियारी लैलूनच्या आणि रझा शफीई जम केयवूनच्या भूमिकेत. यातल्या बऱ्याच जणांना लोक पुढे कित्येक वर्षं याच नावांनी ओळखत होते.

गाव दोन तुकड्यांत वाटलेलं आहे, वरचं बररे आणि खालचं बररे, दोन्हीकडे आपापला खान म्हणजे गावप्रमुख, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. गावाचं सगळं हरभऱ्यावर चालतं. पण खरी गंमत गावाच्या रीतिरिवाजांत आहे. सगळ्यात गाजलेला म्हणजे पूल-ए-झूर, दमदाटी करून घेतलेला पैसा. आपल्याकडे ज्याला खंडणी म्हणतात ती तिथे चोरून होत नाही, लाजत तर अजिबात नाही, उलट ती रीतसर कमाई समजली जाते, घेणारा हक्काने मागतो आणि देणाऱ्यालाही त्यात वावगं काही वाटत नाही. बाहेरून आलेल्या कियानूशला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा तो चिडतो, कायदा सांगतो, नीतिमत्ता सांगतो, आणि गावकरी त्याच्याकडे असं बघतात की बिचाऱ्याचं डोकं उन्हाने फिरलंय.

मालिकेची सगळी ताकद या उलट्या तर्कात आहे असं मला वाटतं. बररेकर मूर्ख नाहीत, त्यांच्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते कारण आतून एकदम पक्कं असतं, फक्त सुरुवातच चुकीच्या ठिकाणाहून झालेली असते. त्यामुळे कियानूश वाद घालायला लागला की हरतो. आणि हरल्यावर तो जे करतो ते इराणी टीव्हीवरच्या सगळ्यात लक्षात राहिलेल्या गोष्टींपैकी एक आहे. समोरचा माणूस ठामपणे काहीतरी तर्कट मांडत असतो, कियानूश ऐकून घेतो, बोलायला तोंड उघडतो, परत मिटतो, मग मान हळूच वळवतो आणि थेट कॅमेऱ्यात बघत राहतो. बस. एक शब्द नाही, चेहऱ्यावरची रेषही फारशी हलत नाही. पण घरी बसलेल्या माणसाला कळतं की हा आपल्याकडे बघतोय, विचारतोय की तुम्ही पाहिलंत ना हे? अन्सारीची ती नजर आजही इराणी लोक मीम म्हणून एकमेकांना पाठवतात, तेही रोजच्या बातम्यांवर.

अर्थात कियानूशलाही मालिका सोडत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर शहाणा शहरी आणि अडाणी खेडूत असली जुनाट चेष्टा होऊन बसली असती. तो भित्रा आहे, बोलतो मोठं, करतो थोडं, तेहरानचा असण्याचा त्याला गर्व आहे, आणि गावात राहता राहता त्यालाही गावाची सवय लागत जाते, ज्या गोष्टींवर आधी भडकायचा त्या हळूहळू खपायला लागतात. शेवटी तो सहरनाझशी लग्न करून गावाचा जावईही होतो. सुधारक म्हणून आलेला माणूस किती दिवस सुधारक राहतो हा प्रश्न मालिका अगदी शांतपणे विचारते, आणि तो फक्त इराणपुरता नाही.

काळ रझाशाहचा का, हेही समजून घ्यायला हवं. चॅनेल सरकारी, त्यामुळे त्या वेळच्या अधिकाऱ्यांवर, निवडणुकांवर, पेपरवाल्यांवर सरळ बोलणं अवघड. पण मालिकेच्या सत्तर वर्षं आधीचं, नकाशावर नसलेलं गाव असेल तर तिथला खान, तिथला पोलीस, तिथला कवी, तिथलं मतदान सगळं दाखवता येतं. बघणारे काय समजायचं ते समजत होते. फारसीत ही परंपरा तशी जुनी आहे, चौदाव्या शतकातल्या उबैद झाकानी या कवीनेही काजी, सुलतान आणि धर्मोपदेशक यांना हसत हसतच सोलून काढलं होतं.

टीका पण बरीच झाली. गावाकडच्या लोकांची टर उडवली जातेय असा आक्षेप आला. दुसरा आक्षेप भाषेचा. मालिकेसाठी खास बररेई बोली बनवली होती, कुठल्याही एका प्रांताची नाही, आणि ती इतकी तोंडात बसली की शाळेतली पोरं तशीच बोलायला लागली, मग मुलांची फारसी बिघडतेय म्हणून काळजी सुरू झाली. पहिला आक्षेप मला पटत नाही. बररेची बोली मुद्दाम कुठल्याच खऱ्या गावाची ठेवली नव्हती, त्यामुळे कुठल्या एका प्रांताकडे बोट जात नाही, आणि पूल-ए-झूर हा काही खेड्यातला आजार नाही, तो ऑफिसात टेबलाखालून चालतो हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

मालिका बनायची पद्धतही बघण्यासारखी. इराणमधे रोज रात्री लागणाऱ्या, साधारण नव्वद भागांच्या मालिकांचा एक प्रकारच आहे, त्याला नव्वद रात्रींची मालिका म्हणतात, आणि त्यात प्रसारण सुरू असतानाच पुढचे भाग लिहून शूट केले जातात. त्यामुळे लोकांना काय आवडतंय ते लेखकांना लगेच कळतं, पण दमछाक खूप होते, आणि मधले काही भाग त्यामुळे सैल पडतात हे मान्य करायला हवं.

बररे हे नाव याच मालिकेत पहिल्यांदा आलं असं नाही. मोदिरीच्याच 2002 च्या पावरचीन या मालिकेत फरहाद बररे नावाचा तेहरानमधे राहणारा माणूस होता, त्याच्या गावाचा उल्लेख सारखा यायचा, आणि शबहाये बररे ही त्याच गावाची आधीची कहाणी. म्हणजे तिथे बररेचा माणूस शहरात उपरा, इथे शहरातला माणूस बररेत उपरा.

2010 मधे मोदिरीने कहवे-ये-तल्ख म्हणजे कडू कॉफी काढली तेव्हा हीच युक्ती परत वापरली. पुन्हा सियामक अन्सारी, यावेळी इतिहासाचा शिक्षक, जो भूतकाळात जाऊन राजदरबारात पडतो, आणि पुन्हा तीच कॅमेऱ्यातली नजर. ती मालिका मात्र टीव्हीवर लागली नाही, घरी बघायच्या डिस्कवर दुकानांतून विकली गेली.